भाषेचं तेवढं सांभाळ

दिवाळी सरली, पणत्या माळ्यावर गेल्या आणि ट्रंकेतले स्वेटर बाहेर आले, की माझ्या पोटात गोळा येतो. अजूनही येतो. एकोणसाठ वर्षांच्या बाईच्या पोटात कसला गोळा, असं आमचे हे म्हणतात; पण त्यांना काय ठाऊक! नाशिकची थंडी म्हटली की लोकांना मिसळ आठवते, पेरू आठवतात, गच्चीवरचं ऊन आठवतं. मला डांबराच्या गोळ्यांच्या वासातून थेट नाटकाच्या स्पर्धेचा वास येतो. खोबरेल तेलानं पुसलेल्या रंगाचा, चिकटवलेल्या मिशांच्या डिंकाचा, रात्रीत रंगवलेल्या आणि न वाळलेल्या भिंतींचा. कार्तिक संपता संपता आमच्या या शहरात निम्मे हौशी लोक वेडे होतात. बँकेतला माणूस कॅशच्या खिडकीत बसून ओठ हलवत असतो, शिक्षिका वर्गात फळ्याकडे तोंड करून रडायचा सराव करते. मी त्यातलीच एक वेडी, आणि माझं वेड काही उतरलं नाही.

यंदा स्वेटर उन्हात टाकत होते आणि फोन वाजला.

"मंदा, मी बोलतोय."

वसंतराव कधी नाव सांगत नाहीत. आपला आवाज सगळ्या जगाला पाठ आहे अशी त्यांची खात्री, आणि ती खरीच आहे. आमच्या नाट्यसंस्थेचे दिग्दर्शक, लेखक, सर्वेसर्वा. आता अठ्ठ्याहत्तरीचे झालेत, पण फोनवरचा दरारा तोच.

"संस्थेचं पन्नासावं वर्ष आहे. आपलं ते जुनं नाटक पुन्हा स्पर्धेत उतरवतोय. आई तू कर."

माझ्या हातातला स्वेटर तसाच राहिला. पुढे ते जरा थांबले आणि म्हणाले, "फक्त भाषेचं तेवढं सांभाळ. रविवारी सकाळी दहाला वाचन."

"बरं सर," असं म्हणून मी फोन ठेवला. आणि मग माझ्या अंगाची जी आग आग झाली म्हणता!

ही आई मी एकदाच केली होती. एकच प्रयोग. त्यानंतर ती माझ्याकडून काढून घेतली गेली, आणि का काढली ते आता तुम्हाला सांगणारच आहे. पण आधी एक कबूल करते: मला ती भूमिका हवी आहे. अगदी हावरटासारखी हवी आहे. तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते, केसांना पावडर थापून पन्नाशीची बाई व्हायचे. आता पावडर लागणार नाही. आता माझे गुडघेसुद्धा त्या भूमिकेला तयार आहेत. ही वेळ गेली तर पुन्हा येणार नाही, हे मला कळतं.

मी बागलाणातली, सटाण्याच्याही पुढची. आमच्याकडे अहिराणी बोलतात. 'आहे'ला 'शे' म्हणतात, 'इथे'ला 'आठे' म्हणतात, 'ळ' तर जवळजवळ नाहीच. डोळ्याला 'डोया' म्हणतात, काळ्याला 'काया'. लग्न होऊन नाशकात आले तेव्हा यांच्या घरात सगळे पुस्तकासारखं बोलायचे. मी आपली 'हो' आणि 'नाही' यांवर वर्षभर संसार केला. नाटकात आले ती शेजारणीच्या आग्रहानं. गर्दीत उभी राहायला बाई हवी होती. उभी राहिले, मग दोन वाक्यं मिळाली, मग चार. आणि तिसऱ्या वर्षी वसंतरावांनी नवं नाटक लिहिलं, त्यातली आई मला दिली.

काय दिवस होते ते! पंचवटीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये तालीम. संध्याकाळी साडेसहाला शाळा सुटलेली असायची, फळ्यावर सुविचार तसाच असायचा, आणि आम्ही पहिलीच्या मुलांच्या बुटक्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसायचो. बाहेर रस्त्यावरून मेथीच्या आणि झेंडूच्या रिकाम्या पाट्या घेऊन मळेकरणी घरी परतत असायच्या, मोठमोठ्यानं बोलत. त्यांचं बोलणं ऐकलं की मला कोण बरं वाटायचं. आत मात्र माझी शिकवणी चाललेली असायची.

"ळ म्हण, मंदा. ळ! जीभ वर टाळ्याला लाव. तळमळ. कळवळा. बोळवण."

दातांत पेन्सिल धरून मी तळमळले, कळवळले. घरी पोळ्या लाटताना 'ळ', धुणं धुताना 'ण'. शेवटी जीभ इतकी वळली की जिथे नको तिथेही वळायला लागली. दुसऱ्या अंकात एक वाक्य होतं, "अहो, गाय आली का गोठ्यात?" मी भर तालमीत म्हटलं, "अहो, गाळ आला का गोठ्यात?" हॉलमध्ये एकच हशा. वसंतराव कपाळाला हात लावून म्हणाले, "बाई गं, गाय गोठ्यात असते. गाळ नदीत असतो." मीही हसले. तेव्हा मला ते शिकणंच वाटत होतं. चुकीचं काही काढून टाकत होते, चांगलं काही घेत होते, असं समजत होते. आज ती अठ्ठावीस वर्षांची पोरगी आठवली की तिच्या दातांतली पेन्सिल काढून दोन तुकडे करावेसे वाटतात.

नाटकातली ती बाई नाशिकच्या एका वकिलाची बायको. एकुलता एक मुलगा मित्रांबरोबर नदीवर गेलेला, संध्याकाळ झाली तरी आलेला नाही. वकील शोधायला जातात आणि परत येतात ते हातात मुलाच्या चपला घेऊन. त्या चपला पाहून आईनं विचारायचं, "माझा मुलगा कुठे आहे?" तीन आठवडे मी त्या 'कुठे आहे'वर मेहनत केली होती.

प्रयोगाच्या दिवशी नाट्यगृह गच्च भरलेलं. पुढच्या रांगेत परीक्षक, शालीबिली पांघरून. सगळं सुरळीत चाललं होतं. 'गाय' गायच आली. आणि तिसऱ्या अंकात वकील झालेला आमचा नट आत आला, तो रिकाम्या हातांनी. घाईत चपला विंगेतच राहिल्या होत्या. तो माझ्यासमोर उभा, त्याचे हात लोंबकळताहेत आणि चेहरा पांढराफटक. त्याची भीती होती विसरलेल्या चपलांची, पण मला काय ते कळलं नाही. मला दिसला एक बाप, ज्याच्या हातात मुलाचं काहीच नाही. माझ्या तोंडून निघालं,

"मना आंडोर कोठे शे?"

आंडोर म्हणजे मुलगा. माझी आई माझ्या भावाला अशीच हाक मारत आली. पुढच्या रांगांत कुणीतरी फिस्सकन हसलं, मग आणखी दोघं हसले. 'आंडोर' हा शब्द शहरातल्या कानाला गमतीचा वाटतो खरा. पण मागून, स्वस्तातल्या खुर्च्यांमधून, एका बाईचा आवाज आला, "माय वं!" आणि त्यानंतर मागे शांतता पसरली. ती शांतता मी आजवर कुठल्याच नाटकात पुन्हा मिळवू शकलेले नाही. ती माझी होती.

प्रयोगानंतर रंगपटात एक परीक्षक आले. "बाई, काम उत्तम. पण ऐन मोक्याला एवढं गावठी का बोललात? सगळा परिणाम गेला हो." वसंतराव बाजूला उभे होते. माझ्या बाजूनं एक अक्षर बोलले नाहीत.

नाटक पुढच्या फेरीला निवडलं गेलं आणि माझी भूमिका शैलावहिनींना गेली. शैलावहिनी बँकेत होत्या, मूळच्या पुण्याच्या, उच्चार कसे चांदीची भांडी घासून ठेवल्यासारखे लख्ख. वसंतरावांनी मला सांगितलं तेही असं, जणू बक्षीस देताहेत. "तुला सगळं नाटक पाठ आहे ना, तू प्रॉम्प्टिंगला बस."

आणि मी बसले! लाज वाटते सांगायला, पण बसले. विंगेत, स्टुलावर, मांडीवर संहिता घेऊन, स्वतःच्या भूमिकेची वाक्यं दुसरीला पुरवायला.

पुढच्या फेरीत व्हायचं तेच झालं. वकील आले, या वेळी चपला आठवणीनं आणल्या होत्या, आणि शैलावहिनींना ते वाक्य आठवेना. त्या चपलांकडे पाहत राहिल्या, त्यांचे ओठ नुसते हलले. मी पाहिलं. माझ्या जिभेवर दुसरं वाक्य तयार होतं, माझं. ते दिलं असतं तर त्या घाबरलेल्या बाईनं तेच उचललं असतं, आणि मग पुढच्या रांगा पुन्हा हसल्या असत्या, आणि वसंतरावांचं तोंड पाहण्यासारखं झालं असतं. देवाशप्पथ सांगते, मनात आलं होतं. पण रंगमंचावर उभ्या असलेल्या बाईला बुडवायचं नाही, एवढं मला कुणी न शिकवता येत होतं. मी स्वच्छ, ठणठणीत आवाजात दिलं, "माझा मुलगा कुठे आहे?"

'कुठे'तला ठ, 'आहे'तला ह, सगळं जागच्या जागी. विंगेच्या पलीकडच्या बाजूला वसंतराव उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. मला येत होतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं. त्या हंगामात शैलावहिनींना अभिनयाचं प्रमाणपत्र मिळालं. त्या गुणी बाई, परतीच्या गाडीत माझा हात धरून म्हणाल्या, "मंदा, आज तू होतीस म्हणून." माझा राग त्यांच्यावर कधीच नव्हता.

त्यानंतर त्या नाटकाशी माझा संबंध संपला, नाटकाशी नाही संपला. कसा संपेल? मिळेल ते केलं. हात धुवा म्हणून वस्त्या-वस्त्यांत पथनाट्यं केली. डॉक्टरकीच्या मुलांना सराव हवा म्हणून खोटी पेशंट झाले. एका परीक्षेत माझं पोट इतकं खरं दुखलं की एका मुलीनं घाबरून सलाईन मागवलं. देवळाली कॅम्पात फौजींच्या बायकांच्या मेळाव्यात हिंदीतून सूत्रसंचालन केलं. देशाच्या सगळ्या कोपऱ्यांतल्या त्या बाया आपापल्या हिंदीत बोलायच्या आणि कुणी कुणाला हसायचं नाही. लग्नांत मंगलाष्टकांच्या आधी वऱ्हाडाला शांत बसवायचं कामही केलंय, आणि ते सगळ्यात अवघड.

आणि घंटागाडी! आमच्या भागात सकाळी घंटागाडी येते, तिच्या भोंग्यातून बाई सांगते ना, "ओला आणि सुका कचरा वेगवेगळा ठेवा," ती बाई मी. पंधरा वर्षं झाली, रोज सकाळी माझा 'ळ' गल्लीबोळांतून फिरतोय. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी बादली घेऊन दारात उभी राहून खदखदा हसले. आमचे हे म्हणाले, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही. वसंतराव गाडीत बसून चाललेत."

एकदा मालिकेत काम मिळालं. मयताच्या घरातली चौथी रडणारी बाई. मला एक वाक्य होतं. तिथला तरुण दिग्दर्शक म्हणाला, "मॅडम, जरा गावठी बोला ना."

मी विचारलं, "कुठल्या गावचं?"

"म्हणजे?"

"म्हणजे पेठ-सुरगाण्याचं बोलू, नांदगावचं बोलू, की बागलाणचं? सगळं वेगळं असतं."

तो गोंधळला. मग म्हणाला, "जनरल गावठी."

जनरल गावठी! हसावं का रडावं. मी रडले, कारण रडायचेच पैसे होते. म्हणजे बघा, वकिलाच्या घरात आमची भाषा नको, आणि मेलेल्याच्या अंगणात हवी. तिथेही आमची नकोच, कुठलीच नसलेली हवी.

पण खरी माझी परीक्षा झाली ती सिंहस्थात. हरवले-सापडलेच्या मांडवात माईकवर बसायला आवाज हवा होता, मी गेले. अफाट माणूस. कान किटले होते. दुपारी एक म्हातारी आली, नऊवारी, अनवाणी, छातीशी गाठोडं. सारखी म्हणत होती, "मनी सून कोठे शे? मनी सून कोठे शे?" मांडवातली शिकलेली पोरं तिला समजावत होती, "आजी, हिंदी में बोलो, हिंदी में." त्यांना ती कुठल्या परराज्यातली वाटली. स्वतःच्या जिल्ह्यातली बाई, आणि हिंदी में बोलो! मी तिला जवळ बसवलं. सुनेचं नाव शेवंता. आधी नियमाप्रमाणे पुकारलं, "शेवंताबाई यांनी त्वरित मांडवात संपर्क साधावा." तीन वेळा पुकारलं. कुणी आलं नाही. त्या गर्दीत असली वाक्यं सकाळपासून वाहत होती, कोण ऐकतंय?

मग मी माईक ओढला आणि म्हटलं, "ए शेवंता! तुनी सासू आठे शे. रडी राहिनी. लवकर ये वं, माय!"

माझ्या शेजारचा साहेब ताडकन उठला. पण बाहेर बघता बघता माणसं थांबली, हसली, वळून बघायला लागली. कुणीतरी पुढे ओरडलं, कुणीतरी त्याच्या पुढे. आणि थोड्याच वेळात एक बाई पदर सावरत, धापा टाकत मांडवात शिरली आणि सासूच्या गळ्यात पडली. साहेब खाली बसला. म्हणाला, "मॅडम, हे कुठलं बोललात?" मी म्हटलं, "आमच्या घरचं." त्या दिवशी संध्याकाळी घरी जाताना गोदाकाठच्या पायरीवर बसून मी मनसोक्त रडले. परीक्षक म्हणाले होते, परिणाम गेला. अहो, परिणाम धावत आला होता!

तर हे सगळं या चार दिवसांत डोक्यात घुसळत होतं. शनिवारी मी यांना विचारलं, "जाऊ की नको?"

"मी नको म्हटलं तर जाणार नाहीस?"

"जाईन."

"मग मला कशाला विचारतेस? ती मेथी निवड."

"आणि भाषेचं?"

हे चष्म्यावरून बघत म्हणाले, "पस्तीस वर्षं तू माझ्याशी भांडतेस ती अहिराणीत. रागावलीस की एक शब्द माझ्या भाषेतला येत नाही तुझ्या तोंडून. मला कधी कळलं नाही असं झालंय का?" एवढं बोलून पुन्हा पेपरात तोंड. या माणसाला अधूनमधून असं काहीतरी सुचतं.

रविवारी दहाला पोचले. तीच शाळा. हॉलला फरशी नवी बसवलीय आणि बाकं जाऊन प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्यात. सात-आठ तरुण मंडळी, सगळी मोबाईलवर संहिता उघडून बसलेली. वसंतराव मधोमध, गळ्यात मफलर, हातात जुनी हस्तलिखित वही आणि पेन. मी वाकून नमस्कार केला. त्यांच्यावर माझा राग आहे आणि त्यांनीच मला उभं केलं, दोन्ही खरं आहे. त्यातलं एक खोडून दुसरं ठेवता येत नाही.

वाचन सुरू झालं. मी पहिला अंक वाचला, दुसरा वाचला. एक 'ळ' घसरला नाही, एक 'ण' पडला नाही. वसंतरावांची मान समाधानानं हलत होती. पोरं माझ्याकडे पाहत होती आणि मला आतून कळत होतं की ही बाई माझ्यात आलीय, येऊन मांडी घालून बसलीय. तिसरा अंक आला. वकिलाचं काम करणाऱ्या पोरानं त्याचा प्रवेश वाचला. मी मान वर केली, संहितेत न बघता विचारलं,

"मना आंडोर कोठे शे?"

कुणी हसलं नाही. वसंतरावांनी मात्र वही मांडीवर ठेवली.

"मंदा."

"हं."

"मी फोनवर काय सांगितलं होतं? पुन्हा घे."

मी पुन्हा घेतलं. तेच.

"परीक्षक गुण कापतील," ते म्हणाले.

"कापू देत."

"तुला दुसरं येत नाही असं नाही. मला माहीत आहे."

"तुम्हाला माहीत आहे हे मलाही माहीत आहे, सर. एकतीस वर्षं."

ते आवाज चढवून म्हणाले, "अगं, हे नाशिकच्या वकिलाचं घर आहे! या घरात दोन अंक सरळ बोलणारी बाई एकदम असं का बोलेल?"

"वकील नाशिकचा आहे. बाई कुठली?"

"म्हणजे?"

"म्हणजे तिचं माहेर कुठलं, सर?"

वसंतरावांनी वही उघडली. पहिलं पान पाहिलं, मग दुसरं, मग पात्रपरिचय. पन्नास वर्षं नाटक करणारा माणूस, स्वतःच्या अक्षरात बोट फिरवून शोधत होता. पोरांनीही मोबाईलवर बोटं सरकवायला सुरुवात केली. कुणालाच काही सापडेना.

"या बाईला तुम्ही नवरा दिलात," मी म्हटलं, "मुलगा दिलात, दुसऱ्या अंकात सासूचा फोटोही दिलात भिंतीवर. माहेर नाही दिलंत. बाई काय आभाळातून पडली? सबंध जन्म नवऱ्याच्या भाषेत बोलेल ती, नीट बोलेल. पण पोटचं पोर हरवलं तर ती कुठल्या भाषेत विचारेल?"

वसंतरावांचा मफलर खांद्यावरून घसरला होता, त्यांनी तो सावरलाही नाही.

"तसं काही लिहिलेलं नाहीये," शेवटी ते हळू आवाजात म्हणाले.

"मग आता लिहा," मी म्हटलं. "मी थांबते."